अर्ध्या इंचाची थाप

एप्रिलमध्ये, बर्फासाठी चढवलेले हिवाळी टायर उतरवायला मिनेसोटातल्या त्या गॅरेजात गर्दी होती. टायर नव्यासारखेच होते. यंदा बर्फच पडला नव्हता. आपल्या गाडीसाठी थांबलेल्या डोरीनच्या शेजारी दोन म्हातारे बसले होते. दोघंही रोज सकाळी अंगणातला बर्फ मोजून हवामान कचेरीला कळवणारे हौशी.

"सबंध हिवाळा मी शून्य कळवलं, आयनार. तुझ्या नावापुढे मात्र बारा फेब्रुवारीला दिवसभर अर्धा इंच दिसत होता!"

"पडला होता, हाल्वर."

"मैलभरावर माझ्या अंगणात धूळ उडत होती. ढगाची तुझ्या एकट्यावरच मेहेरनजर?"

"बरं, नव्हता पडला."

"चाळीस वर्षं मोजतोयस, आणि आता थापा?"

"शून्य कळवलं की कुणी काही विचारत नाही रे. अर्धा इंच म्हटलं की खात्री करायला कचेरीतली मुलगी फोन करते."

"केला?"

"केला. अकरा मिनिटं बोलली. बायको गेल्यापासून एवढं कुणी बोललं नव्हतं. ठेवताना खरं सांगून टाकलं. तिने नोंद खोडली."

"गाढवा, चार इंच कळवायचे होतेस. मी स्वतः आलो असतो मोजायला."

"शून्य मोजायलाही येत जा की."

गॅरेजवाल्याने हाल्वरचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. हाल्वर उठला नाही; खुर्ची आयनारकडे सरकवून बसला.