सात नंबरची पिन

— नाही हो, ती वायर नका काढू, ती फोनची आहे. इंटरनेटचा डबा तो, टेबलाखालचा. सकाळपासून त्याचा दिवा नुसता मिणमिणतोय, आणि तुमचं ऑफिस मला सांगतंय, मॅडम, बंद करून चालू करा. एवढं मलाही येतं. तिकडे हिंजवडीत एवढे आयटीवाले बसलेत आणि वारज्यात एक दिवा धड लागत नाही. रागावून नाही बोलत, घाई आहे म्हणून बोलतेय — सव्वादोनच्या आत मला एक मेल पाठवायचाय, आणि आत्ता पावणेदोन झाले.

कसला म्हणजे — वर अंतराळात ते स्थानक फिरतंय ना, सहा माणसं राहतात तिथे. त्यांना पाणी, जेवणखाण घेऊन एक यान गेलंय, आत माणूस कुणी नाही — आपल्याकडे सोसायटीत टँकर येतो तसंच, फक्त ड्रायव्हर नाही. स्थानकाला धरायला त्याला बारा आकडे आहेत, हुकांसारखे, आणि ते ज्यांवर फिरून मिटतात त्या पिना इथे आमच्या वर्कशॉपात झाल्यात, तुमच्या मागे आहे त्या लेथवर. हसा, सगळेच हसतात. तर परवा जोडायला गेले आणि एक आकडा मिटलाच नाही, यान मागे घेतलं. कुठला ते त्यांना नक्की कळत नाहीये. आज पुन्हा बघणार, नाही जमलं तर सोडून देणार, खाली येताना जळून जाईल. वरच्यांकडे पाणी पंधरवड्याचं उरलंय.

यानवाल्या कंपनीने सकाळी विचारलंय, एखाद्या पिनेची शंका असेल तर नंबर कळवा, तो आकडा सोडून अकरांवर धरू. शंका कसली, मला माहितीच आहे. सात नंबर. बावीस वर्षं इथे तपासणी करते मी, हेमा म्हणून — तपासल्याशिवाय माझी सही नसते. तेवढी एकदाच झाली. खंडेनवमी होती. दत्तोबांनी — ते काय, बाहेर डबा खातायत — यंत्रांची पूजा मांडली होती, झेंडू, हळदकुंकू, दरवर्षीसारखी. पिनांचा ट्रे शेजारीच. एवढं वर जाणारं काम, त्याला कोरडंच कसं पाठवायचं — लागलं एका पिनेला कुंकू. मग पुसलं स्पिरिटने. कुंकवाने काही बिघडलं नसतं हो, पुसण्याने बिघडलं. पिनेवर काळा थर असतो, कोरडं वंगण, वर तेल चालत नाही म्हणून — तोच थर निघाला. नवी करायची तर आठ दिवस, आणि माल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचा. वरवर काळी दिसत होती तशी. केली सही.

सगळं लिहिलंय आता मेलमध्ये, खरं खरं. दत्तोबांचं नाव घालावं लागलं — वाईट वाटतं, चौतीस वर्षांत त्यांचा एक पीस परत आलेला नाही. पण कुणाच्या हातून झालं ते लिहायला नको? तसेही एकतीस तारखेला रिटायर होतायत, त्यांना काय फरक पडतोय. नोकरी माझी जायची. आणि मी तरी किती घासलं, दोन दिवस बोटाचं लाल गेलं नव्हतं माझ्या —

काय बघताय? तुम्ही तुमचं काम करा. म्हणाले होते ते, हेमाताई, पहिलं कुंकू तुमच्या हातचं. यंत्रांना म्हणाले होते. पिनेला लावा असं कुणी नव्हतं सांगितलं. पुसताना त्यांनी बघितलंही. एका शब्दाने कुणाला बोलले नाहीत.

लागला दिवा? हलत नाहीये ना? किती वाजले — दोन पाच. थांबा, लगेच निघू नका, बसा तिथे. एक नाव बदलायचंय फक्त.

गेला मेल. बघा हो तुम्ही, गेला ना? गेला.

तुमच्या कागदावर सही हवी असेल, आणा. कुठे, इथे? घ्या. या आता. आणि जाताना दत्तोबांना सांगा, डबा झाला की आत या म्हणावं, हेमाताईंना बोलायचंय. जेवू द्या पण आधी.