मीटरवर सहा

नाव: ठाण्याच्या वहीत आहेच. गल्लीत मला इंजिनियर म्हणतात, त्यातला टोमणा मला कळतो. वय: एक्कावन्न. शिक्षण: सातवी, पुढचे स्वतःचे स्वतः. धंदा: पाण्याचे पंप व मोटर दुरुस्ती. राहणार: बर्फाच्या बंद कारखान्यामागची गल्ली, शेवटून दुसरे घर.

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू (हवालदार म्हणाले, याची गरज नाही, मी म्हणालो, आहे): घराचा मागचा दरवाजा, चौकटीसह. जिन्याचा कठडा. पत्नीची शिलाई मशीन चालवणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, जुन्या पंख्यातून. पाणी भरले की आपोआप बंद होणारा पंप. टर्कीचे रात्रीचे घर, लांबी आठ फूट, रुंदी पाच फूट, उंची चार फूट तीन इंच दोन सूत.

हा जबाब मी माझ्याच अक्षरात लिहून देतो, कारण लिहून घेणाऱ्या शिपायाने पहिल्याच ओळीत "कोंबड्या" असे लिहिले. कोणाचा दबाव नसताना, पूर्ण शुद्धीत, ठाण्यात समोर बसून सांगतो की,

माझ्या परसात सहा टर्की आहेत, पाच माद्या व एक नर. गेल्या वर्षी नऊ होत्या. एका आठवड्यात तीन गेल्या. पहिली कोल्ह्याने कुंपणाखालून उकरून नेली. दुसरी, लहान होती, मुंगसाने मोठ्या भोकाच्या जाळीतून आत येऊन मारली. तिसरी घुबडाने. त्यानंतर मी तेवीस रात्री परसात स्टुलावर बॅटरी घेऊन बसलो. चोविसाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या मोटरची वायर जोडताना माझा डोळा लागला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. डाव्या हाताची दोन बोटे अजून बधिर आहेत.

म्हणून मी वरील घर बांधले. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. ती जमिनीत दीड फूट खाली जाते व तिथून बाहेरच्या बाजूला दोन फूट वळते, म्हणजे उकरणाऱ्याला शेवटी जाळीच लागते. छपराला पत्रा, पत्र्याखाली फळ्या. मोठ्या दाराला कुलूप, किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक पत्नीकडे. टर्कींना आत जायला एक झुलती फळी, जी फक्त आतल्या बाजूला ढकलली जाते. एक टर्की आत गेली की फळी एकदा हलते, सायकलच्या ब्रेकची केबल ओढली जाते व माझ्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीवरचा मीटर एकाने पुढे सरकतो. मीटर जुन्या टेपरेकॉर्डरचा आहे, रोज सकाळी बटण दाबून शून्यावर आणतो. मी साडेसातला कामावरून येतो, मीटरवर सहा बघतो, दोरी ओढतो, फळीवर लोखंडी झडप पडते. मग जेवतो व झोपतो. आठ महिन्यांत एकही टर्की गेली नाही. कोल्ह्याने दोनदा बाहेरून उकरून पाहिले व जाळीपाशी थांबला, त्या खड्ड्यांची मापे माझ्या वहीत आहेत.

रोज सकाळी साडेपाचला पत्नी दार उघडून टर्की सोडते व आतून साफ करते, असे ती सांगत आली. मी सव्वासहाला उठतो. रात्री आत वाकून कधी पाहिले का, असे हवालदारांनी विचारले. पाहिले नाही. मीटर बसवल्यावर पुन्हा वाकून बघणे म्हणजे मीटरचा अपमान आहे.

दिनांक चौदा रोजी पत्नी तिच्या थोरल्या बहिणीकडे दोन रात्रींसाठी गेली. पंधराच्या सकाळी मी उठायच्या आत टर्की शेजारीण बाईंनी सोडल्या, पत्नी त्यांना तिची किल्ली देऊन गेली होती. पंधराच्या संध्याकाळी मीटरवर सहा होते. झडप मी स्वतः टाकली. सोळा रोजी, म्हणजे आज, घरात कोणी नसल्याने मला पहाटे चार पन्नासला जाग आली. पाच वाजता मी कुलूप उघडले. कुलूप शाबूत, जाळी शाबूत, झडप पडलेली, आत एकही टर्की नाही. पुरावा हलू नये म्हणून पुन्हा कुलूप लावले व पाच वीसला सायकलने ठाण्यात आलो. संशयित म्हणून जाळीवाल्याचे नाव दिले, कारण जाळी त्याच्याच दुकानातून घेतली व त्याने घराची मापे माझ्याकडे तीनदा मागितली होती. त्याला सात वाजता आणले, तेव्हा तो घरातल्या चपलांवर होता.

पावणेआठला हवालदार, एक शिपाई, जाळीवाला व मी असे चौघे परसात पोचलो. सहाही टर्की तिथे दाणे टिपत होत्या. मी म्हणालो की, चोराने पोलिसांच्या भीतीने आणून सोडल्या.

हवालदार म्हणाले, "कुलूप न तोडता नेल्या, आणि परतही आणून दिल्या. माणूस सज्जन दिसतो."

जाळीवाला म्हणाला, "साहेब, सज्जन आहे म्हणजे मी नसेन."

हवालदार वाकून आत शिरले. टर्कींना बसायला मी केलेल्या आडव्या दांडीवर त्यांनी हात फिरवला, खाली पाहिले व वास घेतला. पुढील बोलणे जसे झाले तसे लिहितो.

"इंजिनियर, माझ्या सासऱ्यांकडे पक्षी होते. रात्रभर बसले की दांडीखाली काय पडतं, माहीत आहे ना?"

"आमच्या घरी स्वच्छता असते. पत्नी रोज पुसते."

"आणि वास? तोही पुसतात? इथे रंगाचा वास येतोय. तुमच्या रंगाचा. आठ महिन्यांपूर्वीचा."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आमच्या शेजारीण बाई, ज्या पूर्वी इस्पितळात नर्स होत्या व ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, स्टुलावर चढून बोलल्या.

"अहो, त्या बिचाऱ्या जाळीवाल्याला घरी जाऊ द्या, त्याने तोंडही धुतलेलं नाही. टर्की माझ्याकडे झोपतात. पहिल्या रात्रीपासून."

आम्ही पलीकडे गेलो. सिस्टरच्या घरामागे पाण्याच्या टाकीचा लोखंडी चौथरा आहे, उंची मी मोजली, बारा फूट चार इंच. न्हाणीघराच्या आड असल्याने तो आमच्या बाजूने दिसत नाही. मागच्या भिंतीला लागून रुंद फळी आहे, तिच्यावरून टर्की अंधार पडायच्या आत चढतात. त्या चढल्या की सिस्टर फळी काढून घेतात. चारही पायांना तेलाच्या डब्यांचा पत्रा गुंडाळला आहे, जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होऊन पाच फुटांपर्यंत. पत्रा सरळ कापलेला नाही. खिळे नाहीत, काथ्याने बांधला आहे. वर घुबडासाठी जुनी मच्छरदाणी ताणली आहे, चार कोपरे चार उंचींवर. मच्छरदाणी तीन ठिकाणी निळ्या दोऱ्याने शिवली आहे. तो दोरा माझ्या कामाच्या शर्टांना वापरतात तोच आहे.

पत्र्यावर नखांचे ओरखडे आहेत. सर्वांत वरचा ओरखडा तीन फूट एक इंचावर आहे. त्याच्या वर काही नाही. हे मी स्वतः मोजले व खरे आहे.

सिस्टरचे म्हणणे असे की, टर्कीला उंच व मोकळे लागते. माझी दांडी दीड फुटावर आहे. पहिल्या संध्याकाळी पत्नीने व त्यांनी टर्कींना तासभर माझ्या झुलत्या फळीकडे हाकलले, एकही आत गेली नाही. शेवटी त्या आपणहून चौथऱ्यावर चढल्या. तेव्हा पत्नीने झुलती फळी बोटाने सहा वेळा ढकलली. त्यानंतर रोज ढकलली. ती बहिणीकडे गेल्यावर दोन संध्याकाळी सिस्टर कुंपणाच्या लहान फाटकातून येऊन ढकलून गेल्या. टर्की त्या पावणेसहाला उतरवतात. मी पाचलाच उठेन, हे ठरलेल्यात नव्हते.

नर रात्री ओरडला की आवाज सिस्टरच्या बाजूने येतो, हे मला माहीत होते. भिंतीवरून परत फिरलेला आवाज, असे मी धरून चाललो होतो.

हवालदारांनी विचारले, "मग तुमच्या जाळीपाशी कोल्हा दोनदा कशाला उकरत बसला?"

जाळीवाला म्हणाला, "तोही मीटर वाचत असेल."

पत्नी दहाच्या बसने परत आली व गल्लीत ऐकून थेट ठाण्यात आली, पिशवीसकट. माझ्या समोर तिने सांगितले ते असे.

"अहो, काय सांगणार होते? त्या रात्री तुम्ही आलात, मीटरवर सहा बघितलं आणि ताटावरच झोपलात. भाकरी हातात होती. तेवीस रात्रींनंतर पहिल्यांदा. मी उठवून म्हणणार होते का, की घर रिकामं आहे?"

मी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी तुम्ही गल्लीभर मीटर दाखवत फिरत होतात."

"आठ महिने?"

"आठ महिने तुमचा हात कुठे चुकीच्या वायरला लागला नाही. घर चालतंच की. टर्की बाहेर झोपतात, तुम्ही आत झोपता. दोघंही सुखरूप."

हवालदारांनी तोंडापुढे वही धरली. ते हसत होते की नाही, हे मी पाहिलेले नाही, म्हणून लिहीत नाही.

सबब माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. टर्की चोरीस गेल्या नव्हत्या. जाळीवाल्याचे नाव मी चुकीने दिले. त्याचे परसात व ठाण्याच्या बाकावर मिळून सव्वाचार तास गेले, त्याबद्दल मी त्याला चहा दिला, दोनदा. जाळीत दोष नव्हता असेही लिहा, असे त्याने सांगितले. जाळीत दोष नव्हता. झडपेत, केबलमध्ये व मीटरमध्येही नव्हता. सिस्टरच्या चौथऱ्यावरचा पत्रा काढून सरळ कापून नीट बसवून देण्याची मी तयारी दाखवली. सिस्टर व पत्नी दोघी एकदम नको म्हणाल्या.

माझ्या खिडकीपासून चौथऱ्यापर्यंत अंतर एकेचाळीस फूट आहे. हे मी सहज मोजले. पत्नीने विचारले, "आता रात्री काय बघून झोपणार?" मी एकेचाळीसखाली रेघ ओढली. ती म्हणाली, "मी ढकलत जाईन सहा वेळा, रोजच्यासारखी." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, बाकावरच्या सर्वांनी ऐकला. छपराच्या पत्र्याखाली फळ्या आहेत हे त्यांनी वाचताना गाळले, ते मी पुन्हा वाचायला लावले. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, मापांसह. खाली सही करतो.

सहीनंतर आठवलेली एक गोष्ट, खरी म्हणून जोडतो. निघताना जाळीवाल्याने मला बाजूला घेतले. मापे त्याने तीनदा का मागितली, तेही तेव्हाच कळले. त्याच्या दुकानामागे त्याला हुबेहूब असेच घर हवे आहे, टर्कींसाठीच, फळी, झडप, मीटर सगळे तसेच, मी सांगेन त्या मापाचे. नाव माझे रंगवणार, दारावर, मोठ्या अक्षरात. पैसे त्याने दुकानातून मागवून घेतले होते, ते मोजून समोर धरले. मी नको म्हणालो. नकाराचे कारण हवालदारांनी विचारले, ते लिहिण्याची गरज नाही असे मी त्यांना सांगितले. रक्कम बावीस हजार, अर्धी आगाऊ, रोख.