निकेलचं घड्याळ

जळणं म्हणजे काय, ते मला विचारा. आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लोकांनी अर्पण केलेल्या कोंबड्या-भोपळ्यांचा लिलाव व्हायचा. एकाहत्तर साली एका म्हाताऱ्या मडमेनं त्यात आपल्या नवऱ्याचं प्लॅटिनमचं मनगटी घड्याळ दिलं. वार, तारीख, महिना, अगदी लीप वर्षसुद्धा आपोआप सांभाळणारं! माझा जीवच जडला त्याच्यावर. पण माझा नेवाशाचा साडूही टक लावून बघत होता. त्यानं बोली चढवू नये म्हणून मी सगळ्यांत कंडी पिकवली, "प्लॅटिनम कसलं? निकेल हाय ते!"

झालं, कुणी तोंडच उघडेना. साडूनं मात्र कोंबडीच्या भावानं बोली लावली. मी हात वर करणार, तोच बायकोनं दंड धरला. "अहो, निकेलला कशाला पैसं घालवताय?"

तेव्हापासून साडू दिसला, की माझी नजर आधी त्याच्या मनगटावर जायची.

पुढच्या फेब्रुवारीअखेर तो माझ्या शाळेत आला. मी मास्तर. सकाळीच फळ्यावर ठळक तारीख लिहिली होती, एक मार्च. सगळ्या वर्गादेखत त्यानं बाही वर केली.

"फळा पुसा, पाव्हणं. आमचं निकेल आज एकोणतीस फेब्रुवारी म्हणतंय."