तारीख सांगा, मग माती उतरवू

मंडळी, ऐका! एकच विचारतो — संकट येणार हे आधी कळलं, तर माणूस शहाणा होतो का? माना डोलावताय! डोलवा, डोलवा, फुकट आहे!

मराठवाड्यातलं एक गाव. दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं धाबं. धाबं गळलं की काय करायचं? वर आणखी माती! आज्यानं टाकली, बापानं टाकली, नातवांनी टाकली — डोक्यावर दोन हात माती, आणि खाली संसार!

तिथले सरपंच व्यंकटराव. लेक सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तेव्हाच भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या केंभावीबाई गावात आल्या. म्हणाल्या, "उपग्रह वरून जमिनीची ऊब मोजतो. काही भूकंपांच्या आधी जमीन तापलेली दिसली. पण कधी नुसतीच तापते, भूकंप होत नाही. कधी भूकंप होतो, आधी काहीच दिसत नाही. आम्ही अजून शोधतोय."

किती सरळ बोलली बाई! पण व्यंकटरावांना सरळ बोलणं पचतंय होय?

"ते राहू द्या बाई. तारीख सांगा!"

"तारीख नाही सांगता येत. पण हे धाबं फार जड आहे, तेवढं उतरवा."

गावचा इमाम गवंडी मागेच उभा होता. "सरपंच, चार दिवसांचं काम हाय. माती काढू, पत्रा टाकू. लेकीची खोली आधी करू."

"पत्रा? सरपंचाच्या घरावर? लोक काय म्हणतील! तारीख येऊ दे, मग माती उतरवू!"

वा रे वा! लग्नाचा मुहूर्त काढावा तसा भूकंपाचा मुहूर्त हवा! उपग्रहाचा पार भटजी करून टाकला!

पावसाळ्यात धाबं गळलं. सरपंचांनी काय केलं? बोला की! — आणखी माती टाकली!

आणि श्रावणात, भर दुपारी, जमीन हलली. फार नाही हो! पत्र्याच्या शाळेत फळ्यावरचा खडू खाली पडला, बस्स. पण सरपंचांची तुळई मोडली. सगळी माती खाली आली — आणि खाली सुनंदा निजलेली.

इमामनं दोन्ही हातांनी माती उपसली. पोरगी जिवंत निघाली. पोटातलं लेकरू गेलं.

आणि व्यंकटराव? त्यांनी बाईंना फोन लावला! "तुमच्या उपग्रहानं सांगितलं का नाही?"

बाईंना रडू फुटलं. "ढग होते, सरपंच. वरून जमीन दिसतच नव्हती. पण माती तर तुम्हाला खालून दिसत होती ना!"

मला राग येतो या माणसाचा, मंडळी! तुम्हालाही आला? छान! आता जरा मान वर करा. हा सभामंडप — याच्यावर काय आहे? माती! गेल्या वर्षी गळला म्हणून आणखी टाकली, आणि टाकणाऱ्यांच्या नावाचा फलकही लावलात! मीही तासभर याच्याखाली गातोय, मीही तुमच्यातलाच शहाणा!

नारळ नको, हार नको. पुढच्या रांगेतली लेकरं उचला आणि अंगणात चला. उरलेलं कीर्तन मी तिथं उभा राहून करतो. उठा!