झुलेखाबीचं नाव कापलं

माझं माहेर अन् सासर एकच, अंबडकडचं हे गाव. आमच्या भिंतीला लागून हमीदाचं घर, तिचा बाप कापूस पिंजायचा. निजामाचं राज होतं, मी अन् हमीदा लहान होतो. एका दुपारी रझाकार गावात घुसले, काय सांगू तुम्हाला, माय माझा हात धरून हमीदाच्या घरात शिरली, अन् हमीदाच्या मायनं, झुलेखाबीनं, आम्हाला कापसाच्या ढिगात दडवलं. कापूस नाकात जाऊन राह्यला, शिंक येऊ नये म्हणून मायनं माझं तोंड दाबून धरल्तं. ते बंदुका घेऊन दारात आले तर झुलेखाबी उंबऱ्यात आडवी उभी, अंदर जचगी हुई है, मर्दों का काम नै, म्हणली, आत बाळंतीण हाय असं खोटंच. गेले ते.

मंग हिंदुस्थानची फौज आली, रझाकार पळाले. अन् आपल्याच लोकांनी पिंजाऱ्याचं घर लुटलं, हमीदाच्या बापाला मारून टाकलं. त्यो रझाकार नव्हता हो, त्यो कापूस पिंजायचा. गावाला म्हाईत हाय सगळं, बोलत कोणी न्हाई.

मुक्तीला पन्नास वर्षं झाली तव्हा रेडिओवाले आल्ते. इतिहासावर कार्यक्रम करून राह्यलो म्हणले, तुमच्या तोंडून ऐकायचंय आजी. मी सगळं सांगितलं, आधीचं बी अन् नंतरचं बी. झुलेखाबीचं नाव तर मोठ्यानं घेतलं, ती कव्हाच मातीत गेल्ती. हमीदाला म्हणलं, तुझ्या मायचं नाव आता समदा मुलूख ऐकतो बघ.

कार्यक्रम लागायचा त्या दिवशी हमीदा धुतलेली साडी नेसून, सुनेला घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. सनई वाजली, एक भरदार आवाजाचा माणूस बोलला, मंग मी. रझाकार आले, बंदुका आल्या, आम्ही कापसात दडलो. तिथून एकदम फौज, झेंडा, जयजयकार, अन् संपलं. कोणाचं घर, कोणी दडवलं, कायबी न्हाई.

हमीदा म्हणली, अम्मा का नाम नै ली तू? म्हणलं, घेतलं व्हतं ग, लेकराची शपथ, त्यांनीच कापलं. ती म्हणली, मैं भी तो सुनी. सुनेचा हात धरून उठली, चपला घातल्या, गेली.

मी यष्टीनं त्या रेडिओच्या हापिसात गेले. साहेब म्हणले, वेळ कमी असतो बाई, अन् ते ऐकून लोकांची मनं दुखावली असती. मी म्हणलं, अन् हमीदाचं? तर म्हणले, चहा घ्या.

हमीदा पुढं पोराकडं जालन्याला गेली, जाताना भेटली न्हाई. रेडिओवाले मुक्तीच्या दिवशी दर साली त्योच कार्यक्रम लावतात. नातवंडं आवाज मोठा करतात, आजी लागली म्हणतात, अन् मी उठून गोठ्यात जाते. माझाच आवाज हाय, खोटा हाय म्हणून सांगू कोणाला?

अल्ला तिला लेकराबाळात सुखी ठेवो. तिच्या पोराच्या घरात रेडिओ नसला तर बरं.