जुनवानीचा पंप

तुम्हाला हसू येईल, पण तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. जुनवानीच्या सामूहिक शेतावर मी देवाजीला पाण्याचा पंप दुरुस्त करायला शिकवलं, तर आठवड्यात तो नव्या पोलाद कारखान्यात फिटर झाला. किसनला शिकवलं, तोही गेला. म्हणाला, "मास्तर, तुमीच तर हात बसवून देल्ला."

इकडे पंप पुन्हा बंद पडला आणि वांगी सुकू लागली. शेवटी साठीच्या सोनाबाईंना शिकवलं. म्हटलं, यांना कोण नेणार? त्यांनी दोन दिवसांत पंप सुरू केला, वांग्यांना पाणी सोडलं आणि हात पुसत म्हणाल्या, "मास्तर, मले एक चिठ्ठी लिहून द्या."

"कशाला?"

"गेटवर दाखवाले. देवाजी म्हणे, तिथं पंपच पंप हायेत."