आपल्या तांड्याचा आकडा

नेरहून यवतमाळला निघालेल्या बसमध्ये शाल्मलीच्या पुढच्या सीटवर एक बंजारा जोडपं बसलं होतं. म्हातारबा मोबाइलवर एकेक अक्षर शोधत होते. शाल्मलीनं कानातलं गाणं बंद केलं.

"अंजूले काय लिहून राह्यले?" म्हातारीनं विचारलं.

"आपल्या तांड्याचा आजचा हवेचा दाब. एक हजार आठ."

"पायलट पोरीले ते कायले?"

"विमान हवेच्या दाबावरून उंची मोजते. उतराच्या आधी त्या गावचा आकडा लावा लागते. विसरली, तर यंत्र लुकलुकून आठवन देते."

"अन् वर असली की?"

"वर सारे एकच आकडा लावते. खालच्या गावचा कोनी इचारत नाही."

"रोज आपल्यावरूनच जाते म्हन्ता ना?"

"जाते. नागपूरहून निंगते तवा."

"मंग आपला आकडा तिच्या कोन्या कामाचा? तांड्यावर का विमान उतरते?"

"नाही उतरत."

"तीन दिवाळ्या झाल्या, पोरगीबी नाही उतरली."

"तू याडी हायेस तिची, जन्माची माय. अशी बोलतं?"

म्हातारबा पुन्हा अक्षरं शोधू लागले. यवतमाळच्या अलीकडचं लोहारा आलं, तशी म्हातारी मोबाइलकडे वाकली.

"धाडला का?"

"नाही अजून."

"मंग धाडा ना. अन् खाली लिहा, याडीनं धाडला."